आनंदीबाईंकडे व्हिसा नव्हता

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी अमेरिकेत आहे त्यांनी चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. आपल्या तालुक्यात अशी घरं आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत.

जानेवारीत आपल्याच भागात एका मयतीला गेलो होतो. मुलगा चौदा वर्षं अमेरिकेत. अग्नी पुतण्याने दिला. एका नातेवाइकाने मोबाईल उंच धरला होता, त्यात मुलगा दिसत होता. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. परत येताना मागून दोघे बोलत होते ते कानावर पडलं. "तिकिटाला काय पैसे नव्हते का त्याच्याकडं? बापापेक्षा नोकरी मोठी झाली." मी गप्प बसलो. अशा वेळी कुठे वाद घालायचा. पण तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. कारण प्रश्न पैशाचा नव्हता आणि मायेचा तर नव्हताच. त्याच्या पासपोर्टवरचा एक शिक्का संपला होता. तो आला असता, तर परत कधी जाता येईल हे त्याला कुणीही सांगू शकत नव्हतं. बायको तिकडे, मुलं तिकडच्या शाळेत, घराचं कर्ज तिकडे.

हा शिक्का काय भानगड आहे, तो कधीपासून सुरू झाला आणि त्याची रांग खरंच कमी होऊ शकते का, हे कळायला जरा मागे जावं लागतं. बरंच मागे.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय १८. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. डॉक्टर व्हायला एकटी निघालेली ही मुलगी, तिच्या मागे पुण्यापासून बंगालपर्यंत लोक काय काय बोलले ते आपण शाळेपासून वाचत आलोय. पण एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. आनंदीबाईंकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता. तो लागतच नव्हता. समाजाची परवानगी मिळवायला त्यांना जीव काढावा लागला, सरकारची मात्र मागावी लागली नाही. तीस वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. त्यांनाही मुंबईत कुठल्या अमेरिकन वकिलातीपुढे रांग लावावी लागली नाही. तेव्हा तपासणी व्हायची ती बंदरावर, बोटीतून उतरल्यावर.

म्हणून तो काळ उदार होता असं मात्र कुणी समजू नये. चिनी मजुरांना अमेरिकेने १८८२ मध्येच कायदा करून दार बंद केलं होतं. आपल्या लोकांची पाळी नंतर आली. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, त्यात हिंदुस्थानही, प्रवेशबंदीत टाकला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. शेजारच्या कॅनडाने तर कमाल केली. जन्मदेशातून मध्ये न थांबता थेट आलेल्यालाच प्रवेश, असा नियम काढला. हिंदुस्थानचं नावसुद्धा त्यात नव्हतं, पण तिथून कॅनडाला असा थेट प्रवास करता येतच नव्हता. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली, दोन महिने बंदरात अडकली आणि बहुतेकांना घेऊन परत फिरली. फक्त २४ जणांना उतरू दिलं. त्यातले बहुतेक कोण होते माहितीय? आधी कॅनडात राहून गेलेले, परत येत असलेले लोक. इतक्या द्वेषाच्या काळातही 'हा माणूस आधी इथे राहिलेला आहे' याला किंमत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

व्हिसा आला तो पहिल्या महायुद्धात. शत्रूचे हेर येतील म्हणून तात्पुरती सोय. आपल्याकडेही ब्रिटिशांनी युद्ध संपताच १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा केला. युद्ध संपलं, सोय राहिली. तात्पुरत्या गोष्टी सरकारदरबारी किती टिकतात हे आपल्याला सांगायला नको. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने ती कायमची केली. माणूस आत घ्यायचा की नाही याची पहिली तपासणी त्याच्याच देशातल्या वकिलातीत होणार. म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरावरची रांग उचलून मुंबईत आणून ठेवली. आजची सगळी कहाणी त्या एका बदलातून निघते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९४६ मध्ये हिंदुस्थानला कोटा मिळाला, वर्षाला १०० माणसं. १९६५ मध्ये देशांच्या वंशावरचा जुना कोटा गेला आणि डॉक्टर, इंजिनियर जायला लागले. तेव्हा अडचण तिकडची कमी आणि इकडची जास्त होती. आपला पासपोर्टच सरकारच्या मर्जीवर मिळायचा. १९६७ मध्ये सतवंत सिंग सहानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी घाईघाईने पासपोर्टचा कायदा करावा लागला. परकीय चलनाची टंचाई इतकी की खिशात ८ डॉलर घेऊन उतरलो हे त्या पिढीतल्या बहुतेकांकडून ऐकायला मिळतं.

१९९० च्या अमेरिकन कायद्यातून एच-वन-बी व्हिसा आला. वर्षाला ६५ हजारांची मर्यादा. संगणकाचा काळ सुरू झाला आणि या व्हिसावर आपली मुलं गेली. आज दर १० एच-वन-बी मंजुरींपैकी साधारण ७ भारतीयांच्या असतात.

आता मुद्द्याची गोष्ट, नीट समजून घ्या, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. अमेरिकेत राहण्याची परवानगी एक, आणि अमेरिकेत शिरण्याचा शिक्का दुसरा. सोसायटीत तुमचा भाडेकरार पक्का आहे, पण गेटपासची मुदत संपली आहे, असं समजा. आतून बाहेर पडला नाहीत तर कुणी विचारत नाही. नोकरी करा, टॅक्स भरा, मुलं वाढवा. पण एकदा गेटबाहेर पाऊल टाकलं की आत यायला नवा गेटपास पाहिजे, आणि तो गेटपास देणारी खिडकी सोसायटीत नाही, हजारो मैलांवर मुंबईत आहे. तीन वर्षांनी नोकरीची मंजुरी वाढवून मिळते, ती तिकडेच मिळते. शिक्का मात्र इकडे येऊन घ्यायचा. याला आपली मुलं 'स्टॅम्पिंग' म्हणतात. सुट्टीला येणाऱ्या मुलाच्या तोंडी आईच्या हातच्या पुरणपोळीच्या आधी हा शब्द असतो.

बरं, हे असंच चालत आलंय का? नाही. हेच बऱ्याच लोकांना माहीत नाही. २००४ पर्यंत एच-वन-बीवाला माणूस अमेरिकेतल्या अमेरिकेत, टपालाने पासपोर्ट पाठवून नवा शिक्का घेऊ शकत होता. परराष्ट्र खात्याला अर्ज आणि पासपोर्ट पाठवायचा, काही आठवड्यांनी पासपोर्ट शिक्क्यासह घरी. मग आरामात गावी या, लग्न करा, सत्यनारायण करा, परत जा. १६ जुलै २००४ रोजी ही सोय बंद झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातले १९ हल्लेखोर रीतसर व्हिसा घेऊन देशात शिरले होते, त्यामुळे तिकडे व्हिसाच्या कामावर टीका झाली आणि ती रास्त होती. २००२ मध्ये कायदा झाला की प्रत्येक व्हिसासाठी बोटांचे ठसे वगैरे घ्यायचे, मुदत ऑक्टोबर २००४. ठसे घेण्याची यंत्रणा वकिलातींमध्ये बसवली. अमेरिकेतल्या अमेरिकेत ठसे घेणं आम्हाला जमणार नाही, असं म्हणून परराष्ट्र खात्याने टपालाची खिडकी बंद केली. राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी मात्र ती सोय चालूच राहिली. ती आजही आहे.

म्हणजे बघा, कारण काय होतं? हे लोक धोकादायक आहेत असं कुणी म्हटलं नव्हतं. ठसे घ्यायला टेबल-खुर्ची नाही, एवढंच. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. आज प्रत्येक एच-वन-बीवाल्याचे दहाच्या दहा बोटांचे ठसे अमेरिकन सरकारकडे आधीच पडून आहेत.

त्यात आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर. शिक्का संपलेला माणूस कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन त्याच जुन्या शिक्क्यावर परत आत येऊ शकतो. राहण्याची परवानगी शाबूत असली आणि तिकडे त्याने नव्या व्हिसाचा अर्ज केला नसला की झालं. हा नियम जुना आहे आणि चालू आहे. नायगारा धबधबा पलीकडच्या बाजूने बघून यायला हरकत नाही, वडिलांच्या दहाव्याला येता येत नाही. सुरक्षेचा म्हणून जो नियम सांगतात त्याला एका बाजूला एवढी मोठी खिडकी ठेवलेली आहे.

पण रांगेत भारतीयच का एवढे, असा प्रश्न पडेल. आपण संख्येने जास्त आहोत हे खरंच, पण तेवढंच नाही. ग्रीन कार्ड देताना कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, असा तिकडचा नियम आहे. छोट्याशा देशाला तोच वाटा, आपल्याला तोच. त्यामुळे दुसऱ्या देशाचा इंजिनियर काही वर्षांत ग्रीन कार्ड घेऊन या शिक्क्याच्या भानगडीतून कायमचा सुटतो. आपला माणूस दहा-पंधरा वर्षं, काही तर त्याहून जास्त, एच-वन-बीवरच. दर तीन वर्षांनी पुन्हा मंजुरी, पुन्हा शिक्का, पुन्हा मुंबई. एकच माणूस त्याच रांगेत चार-चारदा येऊन उभा राहतो. रांग लांब दिसते ती नव्या माणसांमुळे कमी, याच जुन्या माणसांमुळे जास्त.

जुन्या लोकांना ब्रीच कँडीचं लिंकन हाउस आठवत असेल. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०११ पर्यंत अमेरिकन वकिलात तिथे होती. मूळची ती वांकानेरच्या महाराजांची हवेली. समोर भुलाभाई देसाई रस्त्यावर पहाटेपासून फायली छातीशी धरून उभे असलेले लोक मी स्वतः बघितलेत, भर पावसात. मग वकिलात बांद्रा-कुर्ला संकुलात गेली, वेळ ऑनलाइन मिळू लागली. रस्त्यावरची रांग दिसेनाशी झाली, म्हणजे ती संपली असं नाही. ती संगणकात गेली. आणि हैदराबादजवळच्या चिलकूरच्या मंदिरातल्या बालाजीला लोक 'व्हिसा बालाजी' म्हणू लागले. ११ प्रदक्षिणा घालून नवस बोलायचा, काम झालं की १०८ घालायच्या. (लिंकन हाउसचं पुढे काय झालं म्हणाल, तर २०१५ मध्ये ७५० कोटींना विक्री ठरली आणि तो व्यवहारही सरकारी कागदांत अडकला. वास्तूचा गुण म्हणायचा.)

कोविडनंतर संगणकातली रांग फुगली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीला जवळपास १००० दिवस थांबावं लागेल असं दिसत होतं. नातवाच्या बारशाला निघालेली आजी त्याच्या पहिल्या शाळेच्या दिवशी पोचणार! तेव्हा मात्र अमेरिकन दूतावासाने मनावर घेतलं. जानेवारी २०२३ पासून शनिवारी खास मुलाखती, जादा अधिकारी, बँकॉकसारख्या ठिकाणी भारतीयांना वेळ. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, ज्याची आधी तपासणी झालीय त्याला पुन्हा मुलाखत नको, नुसती कागदपत्रं टाकून जा. लोक त्याला 'ड्रॉपबॉक्स' म्हणायचे. त्या वर्षी भारतात १४ लाख व्हिसा अर्जांचं काम झालं आणि पर्यटकांची प्रतीक्षा १००० दिवसांवरून २५० वर आली, असं दूतावासानेच जाहीर केलं.

त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान मोदींच्या अमेरिका दौऱ्यात घरच्या घरी नूतनीकरण पुन्हा सुरू करून बघू, असं ठरलं. २९ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२४, चार आठवडे, २० हजार जणांसाठी प्रयोग झाला. भारतात किंवा कॅनडात अलीकडे ठसे देऊन व्हिसा घेतलेलेच त्यात पात्र होते. त्यांनी अर्ज ऑनलाइन भरला, पासपोर्ट पाठवला आणि तिकडेच शिक्का घेतला. २००४ मध्ये जे 'जमणार नाही' होतं ते जमलं. आणि मग प्रयोग तिथेच थांबला. पुढचा टप्पा आला नाही.

नंतर तर काटा उलटाच फिरला. २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांची ड्रॉपबॉक्सची सोय काढून घेतली, लहान मुलं आणि ऐंशीच्या घरातले म्हातारेही मुलाखतीला. त्याच आठवड्यात दुसऱ्या देशात जाऊन शिक्का घ्यायची वाटही बंद झाली, आता अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच. १५ डिसेंबरपासून एच-वन-बीवाले आणि त्यांच्या कुटुंबीयांचे फेसबुक-इन्स्टाग्राम तपासायचे ठरलं. एवढी तपासणी करायची तर दिवसाला मुलाखती कमीच होणार. डिसेंबरमध्ये वेळ मिळालेल्या, सुट्टी काढून आधीच भारतात पोचलेल्या लोकांच्या मुलाखती मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. आता कल्पना करा. तीन आठवड्यांची रजा, आणि परतीची तारीख चार महिन्यांवर. अमेरिकेत जन्मलेली मुलं तिकडची नागरिक, ती कधीही विमानात बसू शकतात. आई-बाप इथे अडकलेले. हे बघूनच त्या मुलाने जानेवारीत तिकीट काढलं नाही.

तिकडच्या लोकांचंही एक म्हणणं आहे, ते झाकून ठेवत नाही. एच-वन-बीमुळे आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातात, पगार पडतात, काही कंपन्या व्हिसाचा गैरवापर करतात, ही तक्रार जुनी आहे आणि सगळी खोटी नाही. त्यांनी किती माणसं घ्यावीत हा त्यांचा अधिकार. पण तो प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. इथे माणूस घ्यायचा की नाही हे ठरून झालेलं आहे. त्याची नोकरीची मंजुरी त्याच सरकारने वाढवून दिलेली आहे. तो बाहेर पडला नाही तर तिथेच राहणार आहे. मग शिक्क्यासाठी त्याला समुद्र ओलांडायला लावून नेमकी कोणती सुरक्षा वाढते?

आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो बरं का. आपल्याच वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात यायला आपण वर्षानुवर्षं व्हिसाच्या रांगेत उभं केलं. १९९९ मध्ये पीआयओ कार्ड काढलं, त्याची फी ठेवली १००० डॉलर! जणू सोन्याचं कार्ड. कुणी फारसं घेईना, मग २००२ मध्ये फी ३१० डॉलरवर आणली. त्याच वर्षी सिंघवी समितीचा अहवाल आला, आणि त्यातून पुढे २००५-०६ मध्ये ओसीआय कार्ड आलं, आजीवन व्हिसा. त्यातही खोच ठेवलीच. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टला कार्ड नवं, पन्नाशीनंतर पुन्हा एकदा. लोक विमानतळावर अडायचे. १५ एप्रिल २०२१ ला गृह मंत्रालयाने ते सोपं केलं. विशीनंतर नवा पासपोर्ट घेतला की एकदाच कार्ड नवं करा, बाकी फोटो आणि पासपोर्टची प्रत ऑनलाइन चढवा. मॉरिशसच्या लोकांसाठी तर २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंत ओसीआय देऊ, असं राष्ट्रपती मुर्मूंनी तिथे जाऊन जाहीर केलं. तिथली मराठी घरं यात आली. त्यांचे पूर्वज कोकणातून बोटीत बसले ते एकोणिसाव्या शतकात. एवढं आपल्याला करता आलं, म्हणजे कुणालाही येतं.

हा सगळा इतिहास खाली ठेवून बघितला तर मला एकच दिसतं. नुसत्या खिडक्या वाढवून रांग संपत नाही. बंगळूरला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन वकिलातीचं उद्घाटन झालं, मोठ्या थाटात, पण व्हिसा द्यायची सोय त्या दिवशी नव्हतीच. रांग कमी झाली ती प्रत्येक वेळी रांगेतून माणसं काढून. तपासून झालेल्याला पुन्हा उभा करायचा नाही, एवढं ठरवलं की झालं. २००४ च्या आधी तसंच होतं. २०२३ मध्ये तेच केलं, २०२४ च्या चार आठवड्यांत तेच केलं. आपण ओसीआयमध्ये तेच केलं.

म्हणून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबरमध्ये अमेरिकेकडे विषय मांडलाय हे चांगलंच आहे, पण नुसतं 'उशीर होतोय, लवकर करा' म्हणून भागत नाही. समोरचा 'बघतो' म्हणतो आणि फाइल बाजूला ठेवतो, हे तहसील कचेरीत गेलेल्या कुणालाही माहीत आहे. मागायचं तर नाव घेऊन मागा. व्यापाराच्या बोलण्यांत टॅरिफच्या शेजारी ही एक ओळ ठेवा: २०२४ चा प्रयोग कायम करा. नवा कायदा नको, नवी इमारत नको, प्रयोगाची पद्धत त्यांच्याकडे तयार आहे. आपले खासदार संसदेत प्रश्न विचारतात तेव्हा 'किती लोक अडकले' एवढं विचारून थांबतात. उत्तरात आकडा येतो, बातमी होते, मीही ती छापलेली आहे. विचारायला पाहिजे की घरच्या नूतनीकरणाबद्दल शेवटची चर्चा कधी झाली आणि समोरून काय उत्तर आलं. हा प्रश्न मी आपल्या खासदारांच्या कार्यालयाला लेखी पाठवतोय. उत्तर आलं की इथेच टाकेन, नाही आलं तरी टाकेन.

एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या मुलाचा, भावाचा, मेव्हण्याचा २००४ च्या आधीचा जुना पासपोर्ट कपाटात पडला असेल तर काढून बघा. त्यातला एच-वन-बीचा शिक्का मुंबई-चेन्नईचा नसून अमेरिकेतच टपालाने मिळालेला असला, तर तेव्हा किती दिवस लागले, पासपोर्ट कसा पाठवला, हे त्यांना विचारून मला कळवा. नाव, नंबर झाकून फोटो पाठवलात तरी चालेल. पासपोर्टची पानं उघड्यावर कॉमेंटमध्ये टाकू नका, मला मेसेज करा.